24 ला डावी बाजू सॉफ्ट, 70 ला ठणठणीत: लेन्स ठेवायची, बदलायची की उघडायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. फुल-फ्रेम मिररलेससाठी 24-70 एफ/2.8 झूम घेऊन तीन आठवडे झाले. 24 मिमीला (सर्वांत रुंद दृश्याला) फोटोची डावी बाजू एफ/2.8 आणि एफ/4 ला, म्हणजे अॅपर्चर मोठं उघडं असताना, सॉफ्ट (धूसर) येते, 5.6 ला बरी, 8 ला जवळजवळ ठीक. 70 मिमीला, म्हणजे जवळ ओढलेल्या दृश्याला, दोन्ही बाजू सारख्या. दुकानदाराने सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवलं. सेंटरने ‘स्पेसिफिकेशनमध्ये आहे’ म्हणून लेन्स तशीच परत दिली. आता एक मेकॅनिक म्हणतोय, माउंटखाली (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याखाली) शिम, म्हणजे पातळ चकती, टाकून साडेतीन हजारांत करून देतो. लग्नाची कामं आहेत, अधूनमधून गडांवर जाऊन फोटो काढता. ठेवू की दुरुस्त करू, असं विचारलंय.

मेकॅनिकला नको म्हणा, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: 70 ला लेन्स ठीक आहे. माउंट तिरका बसला असेल तर अख्खी लेन्स सेन्सरच्या मानाने तिरकी होते आणि तिच्यासोबत फोकसचं प्रतलही, म्हणजे जिथे चित्र स्पष्ट उमटतं ती सपाटी, तेवढंच कलतं. तो कल 24 ला जेवढा तेवढाच 70 ला. एफ/2.8 ला चालणारी फोकसची चूकही दोन्हीकडे तितकीच असते. म्हणजे दोष माउंटचा असता तर 70 ची डावी बाजूही बोंबलली असती. ती बोंबलत नाही, म्हणून गडबड आतल्या एखाद्या ग्रुपची (एकत्र बसवलेल्या काचांच्या संचाची) आहे, जो वाइडला (24 ला) जास्त बोलतो आणि टेलीला (70 ला) कमी. तिथे माउंटखाली शिम घातली तर 24 सुधारेलही, पण तेवढाच कल 70 ला नव्याने मिळेल. आज एका टोकाला दोष आहे, उद्या दुसऱ्या टोकाला असेल, वर वॉरंटी गेलेली.

थोडे आकडे पाहू. 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा. दोन पिक्सेलांएवढा, म्हणजे 12 मायक्रॉनचा धूसरपणा आपण चालवून घेतो असं धरा. मग एफ/2.8 ला फोकसचं प्रतल सेन्सरपासून पुढेमागे 0.034 मिमीपर्यंत चालतं, एफ/5.6 ला 0.067 पर्यंत, एफ/8 ला 0.096 पर्यंत. तुमची डावी कड 5.6 ला जेमतेम सावरते, म्हणजे तिथलं प्रतल अंदाजे 0.06 मिमीने सरकलेलं असावं. एवढी चूक माउंटमुळे यायला सुमारे 50 मिमी व्यासाच्या माउंटची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा जवळपास 0.17 मिमी उंच हवी, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या दीडेक पानाएवढी. इतका तिरका माउंट बहुधा पडलेल्या लेन्सचा असतो, नव्या डब्यातल्या लेन्सचा क्वचितच.

हे सगळं तुम्ही दिलेली लक्षणं बरोबर आहेत असं धरून. म्हणून निर्णयाआधी एक संध्याकाळ चाचणीला द्या. विटांच्या भिंतीचे फोटो काढू नका. भिंत एखादा अंश तिरकी राहील ही भीती लोक उगाच वाढवून सांगतात, 24 मिमीला दोन मीटरवर त्याने काही बिघडत नाही. खरी अडचण अशी की दोन मीटरवरची लेन्स आणि अनंतावरची लेन्स एकसारखी वागत नाही, आणि दोन्ही कडांना वेगवेगळ्या विटा येतात. त्यापेक्षा शंभरेक मीटरवरची बारीक तपशिलाची एकच वस्तू निवडा: समोरच्या इमारतीच्या खिडकीची ग्रिल, गच्चीवरचा अँटेना, दुकानाची पाटी. 70 मिमीसाठी तीनशे मीटर बरे. मे महिन्यात दुपारी गरम गच्च्यांवरून हे करू नका, हवा थरथरते आणि प्रत्येक फ्रेम वेगळी येते. सकाळी सात-साडेसातला, किंवा पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असताना काढा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, यूव्ही फिल्टर काढलेला, मागची काच फुंकून-पुसून स्वच्छ. तिथे एका बाजूला बोट लागलं असेल तर तेही असंच दिसतं! लेन्सचं आणि बॉडीचं दोन्ही स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, शटर 1/250 किंवा वेगवान, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल. वस्तू मधोमध ठेवून स्क्रीन मोठी करून फोकस करा आणि ऑटोफोकस बंद करा. मग फोकसला हात न लावता कॅमेरा फिरवून तीच वस्तू चारही कोपऱ्यांत आणा. सुरुवातीला 24 आणि 70, एफ/2.8 आणि 5.6, मध्य आणि चार कोपरे, एवढ्या वीस फ्रेम पुरतात. सगळीकडे तीच ग्रिल असल्यामुळे तुलनेत घोळ राहत नाही. हा संच फोकस नव्याने करून तीनदा काढा, कारण झूममध्ये थोडी ढिलाई असते आणि एका फ्रेमवर फैसला करायचा नसतो.

त्यानंतर तीन छोट्या तपासण्या आहेत, आणि निदान त्यांच्यातच आहे.

पहिली: वस्तू डाव्या कडेला ठेवून तिथेच हाताने फोकस करा. डावी बाजू कडक शार्प झाली आणि मध्य-उजवी सॉफ्ट झाली, तर दोष कलाचा आहे, एखादा ग्रुप तिरका बसलाय. फोकस कितीही पुढेमागे केला तरी डावी बाजू शार्प होतच नसेल, तर एखादी काच अक्षापासून बाजूला सरकलेली आहे, यालाच डीसेंटरिंग म्हणतात. त्यात बहुधा मध्यातही खोट दिसते. अॅल्युमिनियम फॉइलला सुईच्या टोकाने भोक पाडून मागे टॉर्च लावा आणि अंधारात फ्रेमच्या अगदी मध्यावर एफ/2.8 ला फोटो काढा. ठिपका एका दिशेला धूमकेतूसारखा शेपटी काढत असेल तर प्रकरण गंभीर आहे. कल असलेली लेन्स एफ/8 ला सावरते. डीसेंटर झालेली तितकी सावरत नाही, आणि मध्य बिघडलेली लेन्स ठेवण्यात अर्थ नसतो.

दुसरी: कॅमेरा उलटा करा, अगदी डोक्यावर, आणि तीच चाचणी घ्या. सॉफ्ट बाजू फ्रेमच्या डावीकडेच राहिली तर दोष घट्ट बसलेला आहे. ती उजवीकडे गेली, किंवा उभ्या फ्रेममध्ये वर-खाली सरकली, तर आतलं काहीतरी ढिलं आहे आणि स्वतःच्या वजनाने लोंबतंय. असा नग एक दिवसही ठेवू नका, कारण ढिलं ते आणखी ढिलं होतं.

तिसरी: याच बॉडीवर दुसरी वाइड लेन्स आणि दुसऱ्या बॉडीवर ही लेन्स. मित्राची बॉडी अर्धा तास मिळाली तरी पुरे. दुसऱ्या लेन्सचीही डावीच बाजू सॉफ्ट आली तर सेन्सरकडे संशय घ्या. मग लेन्सवर खर्च केलेला प्रत्येक रुपया फुकट.

चाचणी करताना बऱ्याच गोष्टी दिसतील ज्या दोष नाहीत. कोपरे मध्यापेक्षा सॉफ्ट असणं, चारही सारखेच असतील तर, ती रचना आहे. बोकेच्या, म्हणजे फोकसबाहेरच्या दिव्यांच्या, गोळ्यांत कांद्यासारखी वर्तुळं ही साच्यातून काढलेल्या अॅस्फेरिकल (साधी गोल वक्रता नसलेल्या) काचेची खूण. काचेमागे दोन-चार धुळीचे कण असतातच, फोटोत येत नाहीत. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तर अनेक लिनिअर मोटरवाल्या लेन्समध्ये तो सुटा राहणारा फोकस ग्रुप असतो, कॅमेरा चालू केला की थांबतो. यांवरून तक्रार केली की सेंटरमधला माणूस तुमची खरी तक्रारही त्याच ढिगात टाकतो.

या वर्गाच्या झूममध्ये साधारण 15 ते 20 काचा असतात आणि त्यांतले बरेच ग्रुप एकमेकांच्या मागेपुढे सरकतात. म्हणून पूर्ण निर्दोष 24-70 असा नग नसतोच. चारही कोपरे एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवेत असा हट्ट धरलात तर दहा नग बदलाल. माझी कसोटी साधी आहे: एफ/5.6 ला, पूर्ण फ्रेम स्क्रीनवर बसवून पाहताना, कुठली बाजू वाईट ते झूम न करता सांगता येत असेल तर नग परत. शंभर टक्क्यांवर जाऊन शोधावं लागत असेल तर ठेवायचा. तुमचा नग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी दिसतोय, आणि म्हणूनच सेंटरलाही ‘स्पेसिफिकेशन’ म्हणायला जागा मिळाली.

आता बदलण्याबद्दल. नवी लेन्स तीन आठवड्यांत सदोष निघाली तर दुरुस्ती हा पहिला मार्ग नव्हे, बदली हा पहिला मार्ग. ऑनलाइन घेतली असेल तर परतीची मुदत बहुतेक ठिकाणी सात ते दहा दिवसांची असते आणि ती गेली असणार. तरी दुकानदाराला तोंडी विचारू नका, ईमेल करा. त्यात ‘लेन्स सॉफ्ट आहे’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘24 मिमी, एफ/2.8, अंतर 100 मीटर, फोकस मध्यावर. डावी कड उजवीपेक्षा स्पष्टपणे खराब. 70 मिमीला फरक नाही. दुसऱ्या बॉडीवर तेच. सोबत सहा रॉ फाइल.’ खरेदीची तारीख, बिल क्रमांक, सीरियल नंबर. सेंटरला हेच पाठवा आणि ‘स्पेसिफिकेशनमध्ये आहे’ हे कोणत्या फोकल लेंथला, कोणत्या अॅपर्चरला मोजून म्हटलं, ते लेखी मागा. सेंटरला ‘सॉफ्ट येतं’ असं कळवलेलं असलं की तपासणी बहुतेकदा मध्यावर होते, आणि तुमचा मध्य उत्तमच आहे. ‘24 ची डावी कड’ हे शब्द जॉबशीटवर आले की त्यांना तिथेच पाहावं लागतं.

तरी दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तेवढ्याने दुकानदार फोन करतो. पुढे ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. इथपर्यंत जायची वेळ क्वचित येते, पण त्या ईमेलवरची तारीख इथेच कामी येते. हे सारं बिल पक्कं आणि वॉरंटी भारतातली असेल तर. ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत आयातीबाहेरून आलेला, नग असेल तर वाचलेले पैसे तुम्ही याच जोखमीसाठी वाचवले होते, त्याचं मी काय करणार.

कंपनीच्या सूचनाही एकदा चाळा. कधीकधी एका नगाचा नव्हे, अख्ख्या तुकडीचाच दोष असतो. 2005 मध्ये कॅननच्या 24-105 एफ/4 च्या सुरुवातीच्या तुकडीत फ्लेअरचा (फोटोत नको असलेल्या चकाकीचा) दोष निघाला आणि कंपनीने त्या लेन्स फुकट दुरुस्त करून दिल्या. पण तुमच्यासारखा एकाच बाजूचा दोष सहसा त्या एका नगाचाच असतो.

दुरुस्तीत नेमकं काय करतात ते कळलं की अपेक्षाही ताळ्यावर राहतात. लेन्समध्ये काही ठरावीक जागाच जुळवण्यासाठी ठेवलेल्या असतात: एखाद्या ग्रुपखाली पातळ शिम, एखाद्या ग्रुपला धरणारे विकेंद्री रोलर जे फिरवले की ग्रुप किंचित कलतो, किंवा पुढच्या काचेला तीन स्क्रू, जे सैल करून काच बाजूला सरकवता येते. बाकीच्या काचा साच्यात चिकटवलेल्या असतात. दोष त्यांतल्या एखादीत असेल तर जुळवणी होत नाही, अख्खा ग्रुप बदलावा लागतो. आणि एका फोकल लेंथला जुळवलं की दुसरीकडे थोडं हलतं. चांगला तंत्रज्ञ 24, 50 आणि 70 मध्ये तडजोड शोधतो. त्याच्याकडे जुळवणी मोजणारा कोलिमेटर किंवा टेस्ट प्रोजेक्टर हवा आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हवं. म्हणून वॉरंटीत दुरुस्ती अधिकृत केंद्रातच, आणि परत आल्यावर वीस फ्रेमचा तोच संच पुन्हा.

मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बझारात किंवा इतरत्र बसणाऱ्या मेकॅनिकांना मी नावं ठेवत नाही. अडकलेलं अॅपर्चर, तुटलेली फ्लेक्स केबल, जुन्या मॅन्युअल लेन्सची बुरशी, ही कामं त्यांतले कित्येक जण केंद्रापेक्षा चांगली करतात. पण आधुनिक झूमचा कल डोळ्याने आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून काढणं वेगळं. काय बिघडतं ते सांगतो. माउंटचे स्क्रू काढले की खालच्या शिम सुटतात, आणि त्या प्रत्येक जागी वेगळ्या जाडीच्या असू शकतात. खुणा न करता काढल्या तर कारखान्यातली जुळवणी कायमची गेली. स्क्रू जपानी जेआयएस पद्धतीचे असतात, साध्या फिलिप्सने डोकी घासली जातात. माउंटच्या पट्टीवरची केबल थोडी ओढली गेली की ऑटोफोकस बंद. शिवाय जुलैत दमट हवेत उघडून बंद केलेल्या लेन्समध्ये धूळ आणि ओल दोन्ही आत राहतात, मग दिवाळीपर्यंत बुरशीचे धागे दिसले तर त्याला कोणतीच वॉरंटी नाही. यूट्यूब बघून घरी उघडायचा विचार मनात असेल तर हाच परिच्छेद पुन्हा वाचा.

सॉफ्टवेअरने हे सुटेल का, असंही तुमच्या मनात आलं असेल. नाही. डिस्टॉर्शन किंवा कडांचे रंगीत पट्टे सॉफ्टवेअर काढतं, कारण ते त्या मॉडेलच्या सगळ्या लेन्समध्ये सारखे आणि मध्याभोवती समान असतात. ज्या चुकीचा आकार नेमका ठाऊक असतो ती निस्तरता येते. हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा 1990 मध्ये कडेला सुमारे 2.2 मायक्रॉनने चुकीचा निघाला, पण चूक सगळीकडे अगदी एकसारखी होती, म्हणून डिसेंबर 1993 मध्ये तिच्या बरोबर उलटी चूक असलेली प्रकाशयंत्रणा बसवून ती दूर केली. तुमच्या नगाची वाकडी बाजू जगात फक्त तुमच्याच नगाची आहे. डाव्या बाजूला मास्क लावून शार्पनिंग वाढवता येईल, पण फोकसबाहेर हरवलेला पोत त्याने परत येत नाही, नुसत्या कडा खरखरीत होतात.

राहिला ठेवण्याचा पर्याय, आणि इथे उत्तर तुमच्या कामावर आहे. लग्नात 24 मिमी एफ/2.8 ला तुम्ही काय काढता? मांडव, वरात, नाच. तिथे कडेला पार्श्वभूमी असते, दोष कुणाला दिसणार नाही. ग्रुप फोटो 5.6 किंवा 8 ला काढता, तोही सुटला. तरी चाळीस जणांची रांग 24 ला काढूच नका, टोकाच्या मावशींचं डोकं तसंही ताणलं जातं. मागे सरका, 35 लावा. अडचण येते ती 12 बाय 36 च्या करिझ्मा अल्बममध्ये, जिथे एकच फोटो दोन्ही पानांवर पसरतो. 6000 पिक्सेल 36 इंचांवर ताणले की इंचाला 167 पिक्सेल उरतात, आणि डावं पान उजव्यापेक्षा मऊ दिसू शकतं. अशा फोटोसाठी एफ/8 ची सवय लावली तर लग्नाचं काम या नगावर निभेल. 4के व्हिडिओला फ्रेमच सुमारे 8 मेगापिक्सेलची असते, तिथे तर फरक फार थोडा.

गडांवरचे दिवसाचे फोटो एफ/8 ला, तेही ठीक. पण रात्री हरिश्चंद्रगडावर आकाशगंगा काढायची असेल तर ती 24 ला आणि एफ/2.8 लाच काढावी लागते. डाव्या बाजूचे तारे फुगलेले आणि उजवीकडचे टोकदार, हे तिथे पहिल्या फ्रेममध्ये दिसेल. इमारतींचे आणि इंटीरियरचे फोटो काढत असाल तर तेच, कारण तिथे ग्राहक कडाच बघतो. यांतलं एकही काम नियमित असेल तर हा नग ठेवू नका, कितीही चिकाटी लागली तरी बदलून घ्या.

वॉरंटी संपल्यावर हाच दोष सापडला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक त्या लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल तर मी दुरुस्त करत नाही. लेन्स आहे तशी वापरायची, किंवा दोष सांगून विकायची आणि पैसे दुसऱ्या नगात घालायचे. दोष लपवून विकू नका. घेणारा हीच वीस फ्रेमची चाचणी करेल आणि लेन्स दारात परत येईल.

तुमच्यासाठी क्रम असा: या रविवारी चाचणी, सोमवारी दुकानदाराला आणि सेंटरला ईमेल, बदलीची मागणी. बदली नाकारली तर अधिकृत केंद्रात वॉरंटीतली जुळवणी, जॉबशीटवर ‘24 मिमी, डावी कड’ लिहूनच. जुळवणीनंतर 70 बिघडून परत आली तर ती स्वीकारू नका, पावतीवर तसा शेरा मारून तिथेच ठेवून या. आणि बदली नग मिळाला तर तो दुकानातच, काउंटरवर, तुमच्या बॉडीला लावून समोरच्या पाटीवर 24 आणि 70 ला पाच-पाच फ्रेम काढून लॅपटॉपवर पाहा. डबा आणि जुना नग तोपर्यंत हातचे सोडू नका. बदली नग याहून वाईट निघणं अजिबात अशक्य नाही, आणि तसं झालं तर हाच घेऊन घरी येणं परवडतं.